खरखरीत पाठीचा पेत्र

बाळा, आधी एक काम कर. डोळे मीट. पूर्ण नको, अर्धेच मीट. पापण्यांच्या फटीतून थोडा उजेड आत येऊ दे. आता समज, शनिवारची दुपार आहे आणि तू आमच्या चर्चच्या बाजूच्या खोलीत आहेस. छताचा पंखा प्रत्येक फेरीला एकदा कुरकुरतो. खाली चटई आहे, चटईवर मी आडवा झालोय, डोक्याखाली गाण्यांच्या पुस्तकांचा गठ्ठा आहे. भिंतीला एक मोठा फळा टेकवून ठेवलाय. पण हा खडूचा फळा नाही बरं का. याच्यावर जाड, लवदार निळं कापड ताणून बसवलंय. त्याच्यावर कागदाची माणसं चिकटवायची आणि गोष्ट सांगायची. माणूस उचलायचा, पुढं सरकवायचा, परत चिकटवायचा. गोंद नको, टाचणी नको.

निदान तसं व्हायला हवं.

माझं नाव शमुवेल. मुलं मला गुरुजी म्हणतात. रविवारी उपासनेच्या आधी मुलांची शाळा भरते, तिथं मी पवित्र शास्त्रातल्या गोष्टी शिकवतो. उद्या मुलांचा रविवार आहे. त्या दिवशी उपदेश पाळकसाहेब करत नाहीत, मुलं करतात. एकेक मूल फळ्यापाशी येतं आणि आपली गोष्ट सांगतं. जुन्या कागदी माणसांना कसर लागली होती, म्हणून यंदा मी सगळी नवीन काढली. याकोब, दावीद, योना, पेत्र. रंग दिले. आणि ती पुन्हा खराब होऊ नयेत म्हणून बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक चढवून आणलं. काय चमकत होती! बुधवारी सराव घेतला. याकोब बापाचा आशीर्वाद घ्यायला वाकला तो सरळ जमिनीवर. दावीद धिप्पाड गल्याथावर गोफण उचलायच्या आत बाकाखाली.

"गुरुजी, गल्याथ जिंकला!" रूबेन ओरडला आणि सगळी पोरं पोट धरून हसली. मीही हसलो.

त्या बुधवारी हसण्यासारखं तेवढंच घडलं.

सलोमी नावाची एक मुलगी आहे, चौथीत. तिच्याकडं पेत्राची गोष्ट होती. पेत्र म्हणजे येशूचा अगदी जवळचा मित्र. येशूला पकडून नेलं त्या रात्री हा पेत्र अंगणात कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा राहतो. लोक विचारतात, "तू त्याच्याबरोबरचाच ना?" पेत्र म्हणतो, "नाही, मी ओळखत नाही त्याला." असं तीनदा म्हणतो. मग कोंबडा आरवतो, आणि पेत्र बाहेर जाऊन रडतो. सलोमी ही गोष्ट इतकी छान सांगायची की कोंबड्याच्या वेळी लहान पोरं दाराकडं बघायची.

तिचे आजोबा, दानिएल आबा, गावातले जुने सुतार. हात अजून मजबूत आहेत, पण आठवण राहत नाही. सराव संपवून मुलं फाटकापाशी उभी होती, तेवढ्यात आबा रस्त्यानं आले. एका पायात रबरी चप्पल, दुसऱ्यात कातडी. बनियनवर जुना कोट, तोही उलटा. "माझी सलू कुठंय?" असं मोठ्यानं विचारत येत होते. पोरं खिदळायला लागली.

रूबेन म्हणाला, "सले, हे तुझे आजोबा ना गं?"

"नाही," सलोमी म्हणाली. "मला नाही माहीत कोण ते."

आबा तिच्यासमोरच उभे होते. त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाले, "असं का? मग चुकलो असेन मी." आणि वळून गेले.

त्यांना शोधता शोधता अंधार पडला. लाकडाच्या वखारीत एका ओंडक्यावर बसलेले सापडले. काही इजा नाही, काही नाही. घरी आले, चहा प्यायले. सगळे म्हणाले, देवाची कृपा.

पण सलोमी तेव्हापासून सरावाला आली नाही. आज सकाळी मी तिच्या घरी गेलो. तिची आई, रिबका, म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच बघा. धड जेवत नाही की बोलत नाही. आबांच्या खोलीकडं तर फिरकतसुद्धा नाही." सलोमी दाराआडून बोलली.

"पेत्राची गोष्ट मी नाही सांगणार. मला येत नाही ती."

"तोंडपाठ आहे की तुला."

"आता नाही येत." मग म्हणाली, "मी आबांची माफी मागितली, गुरुजी. ते म्हणाले, कशाची? त्यांना आठवतच नाही. मग मला माफी देणार कोण?"

शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. "विचार करून सांगतो," म्हणालो आणि परत आलो. आता चटईवर पडलोय, पोटावर ती चकचकीत माणसं आहेत, आणि विचार काही सुचत नाही.

पंखा कुरकुरतो. परत कुरकुरतो. त्या कुरकुरीतून कोणीतरी हाक मारतं.

"शमू."

मी "आलो" म्हणतो, उठतो, दारापर्यंत जातो. दाराबाहेर कडुनिंबाची सावली आहे, माणूस नाही. परत आडवा होतो.

"शमू."

तुला ती गोष्ट आठवली असेल. शास्त्रातला छोटा शमुवेल असाच देवाच्या घरात झोपलेला असतो आणि त्याला हाक येते. माझं नाव त्याच्यावरूनच ठेवलंय. म्हणून मी चटईवर ताठ बसतो, हात जोडतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "बोल, प्रभू. तुझा दास ऐकतो आहे."

"आरं, म्या हाय. मथुराबाई. देव न्हाई. हात खाली घे."

बाई खिडकीखाली त्यांच्या पत्र्याच्या पेटीवर बसल्यात. पांढरं लुगडं, मांडीवर काळी छत्री, पायांवर रस्त्याची धूळ. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली की थडग्यावरची अक्षरं मला आता बोटानं चाचपून वाचावी लागतात. म्हणजे मी कोणाशी बोलतोय ते मला ठाऊक आहे. भीती वाटत नाही. शाळेत उशिरा पोचल्यावर वाटतं, तसं वाटतं.

मथुराबाई आमच्या बायबलबाई होत्या. ती पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव पायी जायच्या आणि झाडाखाली मुलं गोळा करून गोष्टी सांगायच्या. मलाही त्यांनीच शिकवलं. स्वभाव तिखट. विहिरीवर भांडण झालं की अर्ध्या गावाला ऐकू जायचं; मग संध्याकाळी स्वतःच त्या बाईच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. आणि मिश्री लावायच्या. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड, दातांना लावायची. पाळकांसमोर लपवायच्या, पण दात काळे, लपणार कसं? त्यांच्या पेटीतली सगळी कागदी माणसं एका पावसाळ्यात खराब झाली आणि एकच पुरुष शिल्लक राहिला. गुडघ्यापाशी फाटलेला, तिथं पट्टी लावलेला. मग तोच याकोब, तोच दावीद, तोच पेत्र. एकदा मी विचारलं, "बाई, सगळ्या गोष्टींत हाच का?" तर म्हणाल्या, "दुसरा कुठून आणू? देवाकडं तरी दुसरी माणसं कुठं हायेत?"

"काय धरलंयस पोटाशी?" बाई आता विचारतात. "दाव की."

मी चित्रं पुढं करतो. बाई पेत्राला उचलतात, खिडकीच्या उजेडात धरतात, त्याच्यावरून अंगठा फिरवतात.

"चकचकीत केलंस याला."

"खराब होऊ नये म्हणून, बाई."

"आन् हा पेत्र हाय व्हय? याची दाढी बी विंचरलीयस." त्या उठतात आणि पेत्राला फळ्यावर लावतात. पेत्र क्षणभर थांबतो आणि घसरतो. बाई परत लावतात. परत घसरतो. "आरं, उभा ऱ्हा की बाबा," त्या त्याला म्हणतात.

फळ्याचं निळं कापड फळ्याच्या बाहेर पसरत जातंय. भिंत निळी आहे, छत निळं आहे, ते आभाळ आहे. आम्ही एका मोठ्या अंगणात उभे आहोत. थंडी आहे. मधोमध कोळशांचा विस्तव आहे आणि भोवती माणसं शेकतायत. हे आपल्याच चर्चचं अंगण आहे, फाटक तेच आहे, पण फाटकाच्या पलीकडं रस्ता नाही. एक माणूस आमच्याकडं पाठ करून बसलाय. त्याच्या गुडघ्याला पट्टी आहे.

"बाई, हा..."

"हळू बोल. त्याला आत्ताच इचारलंय."

त्या माणसाची पाठ हलते. तो मान हलवतोय, नाही, नाही. त्याचे शब्द ऐकू येत नाहीत, पण ऐकू येतो एका मुलीचा आवाज. मला नाही माहीत कोण ते. कुठंतरी कोंबडा आरवतो. माणसं एकेक करून निघून जातात. विस्तव तेवढा राहतो, आणि बाई त्याच्यापाशी उकिडव्या बसून एका तव्यावर काहीतरी काळं परततायत.

"बाई! मिश्री अजून सुटली नाही?"

"सुटली की. केव्हाच सुटली. ह्ये तुझं सपान हाय. तू मला मिश्री लावतानाच आठवतोस, म्हणून बसावं लागतंय भाजत." त्या तवा खाली ठेवतात. "एकदा बिनमिश्रीची आठव की रं मला."

मी प्रयत्न करतो. होत नाही. बाई हसतात आणि त्यांचे काळे दात विस्तवात चमकतात.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणतात. "अशीच पाठवली होती देवानं, अशीच बघ."

मग मी मला विचारायचं ते विचारतो. "बाई, सलोमी विचारते, आबांना काही आठवतच नाही, मग माफी देणार कोण? पेत्राचं सोपं होतं. येशूला सगळं आठवत होतं. या पोरीनं कोणाकडं जायचं?"

बाई विस्तवातला एक कोळसा चिमट्यानं उलटा करतात.

"म्हातारा काय म्हणाला होता रं तिला?" त्या विचारतात.

"मग चुकलो असेन मी, असं म्हणाले."

"तेच सलतंय पोरीला. आठवण गेलेला माणूस. तिनं सांगितलं ते खरं धरलं त्यानं. स्वतःवर न्हाई, तिच्यावर इस्वास ठेवला." बाई छत्री टेकून उभ्या राहतात. "चल. उजाडलं."

उजाडलंय. अंगणाच्या जागी गावाबाहेरचा पाझर तलाव आहे आणि काठाला लहान लाटा लागतायत, तलावात कधी नसतात तशा. विस्तव तोच आहे. निखारे तेच आहेत, चिमटाही तोच. पण आता निखाऱ्यांवर मासे आहेत आणि कोणीतरी भाकरी उलटतंय. धूर मधे येतो, म्हणून चेहरा दिसत नाही. फक्त हात दिसतात. भाकरी उलटताना त्या हातांना घाई नाही. पट्टीच्या गुडघ्याचा माणूस पाण्यातून धावत येतोय, कपड्यांसकट भिजलेला, आणि काठाशी येऊन थबकतो. पुढं यावं की नाही, त्याला कळत नाही.

"बघ आता," बाई माझ्या कानाशी म्हणतात. "का रं असं केलंस, असं इचारतोय का बघ."

धुराआडून आवाज येतो. मोठा नाही, घरातल्यासारखा. या, न्याहारी करा.

तेवढंच. तो माणूस ओल्या कपड्यांनी विस्तवापाशी बसतो. त्याच्या हातात भाकरी येते. तो खातो आणि रडतो, दोन्ही एकदमच.

"मरणातनं उठून आलेल्या येशूनं आधी खायला घातलं," बाई म्हणतात. "मग इचारलं, माझ्यावर माया हाय का? आन् मग काम दिलं. माझी मेंढरं, म्हंजी माझी माणसं, सांभाळ म्हणाला. ज्यानं वळखत न्हाई म्हणून सांगितलं, त्याच्याच हातात दिली मेंढरं. सगळा हिशेब चुकलेला वाटतो का न्हाई तुला?"

"वाटतो."

"मला बी वाटायचा. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईला पेटी दिली डोक्यावर, तवा तर फार वाटायचा." त्या माझ्याकडं वळतात. "त्या पोरीला काय दिलंस तू?"

"मी समजावलं तिला..."

"ते न्हाई. काम काय दिलंस?"

मी पायाच्या अंगठ्यानं काठाची माती उकरतो.

"याकोब बापाशी खोटं बोलला. मोशेच्या हातनं माणूस मेला. योना देवानं सांगितलेलं काम टाकून पळाला. बदनाम बाई राहाब, तिचं तर नाव घेताना बाया पदर तोंडाला लावायच्या. कुणाला देवानं घरी बसवलं, सांग? आन् तू त्या पोरीला म्हणतोस, इचार करून सांगतो." बाई माझा कान धरतात, पण पिळत नाहीत. "सांगून काय होतंय, शमू. पोरीच्या हाताला काम पायजे."

"पण कोणतं काम, बाई?"

"इतकी वर्षं झाली, अजून गोष्टीतल्या माणसाचं तोंडच बघतोस तू. पाठ बघ की जरा."

त्यांच्या हातात तो जुना माणूस आहे, पट्टीच्या गुडघ्याचा, कागदी. त्या त्याला उलटा करतात आणि माझ्या तळहातावर ठेवतात. पाठ खरखरीत आहे. वाळू लागल्यासारखी. मी बोट फिरवतो आणि पायांखाली भुसा आहे. लाकडाचा ताजा भुसा, त्याचा वास. आम्ही वखारीत आहोत. ओंडके रचलेत, आणि एक तरुण सुतार कानावर पेन्सिल खोचून बसलाय. लाकूड घासायचा खरखरीत कागद तो हातानंच टरकावतोय, त्याचे लहान तुकडे करतोय आणि कागदी माणसांच्या पाठीला डकवतोय. समोर एक चौकट उभी आहे, तिच्यावर निळं कापड ताणलेलं.

तो मान वर करतो. दानिएल. आबा नव्हेत, नुसता दानिएल. केस काळे, डोळे हसरे.

"बाई," तो मथुराबाईंना म्हणतो, "गुळगुळीत ठेवला तर घसरणारच. खरखरीत पाठच कापडाला धरते." आणि तो पेत्राला फळ्यावर ठेवून अंगठ्यानं दाबतो. हात काढतो. पेत्र तिथंच.

मला हे माहीत होतं. लहानपणी मी तिथंच बसलो होतो, भुशात पाय रुतवून. मला माहीत होतं आणि मी विसरलो होतो. आबांसारखाच.

"बाई!" मी वळतो. बाईंनी पेटी डोक्यावर घेतलीय. त्या वखारीच्या दारातून बाहेर पडतायत आणि दाराबाहेर रस्ता आहे, लांबपर्यंत आहे.

"बाई, तिकडं कसं असतं?"

"आधी न्याहारी करतात," त्या मागं न बघता म्हणतात. "ऊठ आता. पंखा बंद पडला."

पंखा बंद पडलाय. वीज गेलीय. अंगाला घाम आहे, दारात कडुनिंबाची सावली लांब झालीय आणि शेजारचा कोंबडा, ज्याला वेळेचं कधीच भान नसतं, तो आरवतोय. चमकणारी माणसं चटईभर पसरलीत. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. मी ती उघडतो.

मुठीत घासायच्या कागदाचा एक तुकडा आहे. तपकिरी, अंगठ्याएवढा, एका बाजूला खरखरीत, दुसऱ्या बाजूला जुन्या सुकलेल्या गोंदाचा पापुद्रा. फळ्याच्या मागं अडकलेला असेल. चटईखाली असेल. मी तो कुठून आला ते शोधत बसत नाही. छाती हलकी झालीय. इतकी हलकी, की मी एकटाच हसतो आणि चपला घालून सलोमीच्या घराकडं चालायला लागतो.

बाळा, आता डोळे उघड. इथून पुढचं जागेपणीचं आहे.

सलोमी ओट्यावर गुडघ्यांत हनुवटी खुपसून बसलीय. मी तिला पेत्राबद्दल काही सांगत नाही. माफीबद्दलही नाही. तो तुकडा तिच्या हातावर ठेवतो.

"सलोमी, काम आहे. उद्या चित्रं फळ्यावर टिकली पाहिजेत. त्यांच्या पाठीला असं लावावं लागेल. हे काम गावात एकाच माणसाला येतं. त्याला जाऊन विचार."

तिला कळतं कोणाला. ती तुकड्याकडं बघते. मग माझ्याकडं. "तुम्ही विचारा ना."

"मी चित्रं धरतो. विचारायचं तू."

ती उठते. आबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं आहे. ती तिथं उंबऱ्यावर थांबते, त्या ओल्या कपड्यांच्या माणसासारखी. मी मागंच राहतो. मग ती आत जाते आणि तुकडा त्यांच्यापुढं धरते.

आबा तो चिमटीत घेतात. चष्मा लावत नाहीत. अंगठ्यानं घासून बघतात आणि त्यांची पाठ एकदम सरळ होते. "जाडा कागद हाय. असला आता मिळत न्हाई. ट्रंकेत आपला हाय थोडा." ते तिच्याकडं बघतात. "कुणाचं काम हाय?"

"माझं," सलोमी म्हणते.

"आन् तू कोण, बाळ?"

स्वयंपाकघरात रिबकाच्या हातातलं भांडं थांबतं.

"मी सलू," ती म्हणते. "तुमची सलू, आबा."

आबांचा चेहरा उजळतो. "मग आधी न्हाई का सांगायचं!" ते म्हणतात. "मी केव्हाची वाट बघतोय. ये, बस. कात्री आण."

ती रडतेय आणि कात्री शोधतेय. रिबका खळ नको, गोंद देते, असं काहीतरी पुटपुटत पदरानं डोळे पुसते. मी दारात बसतो आणि एकेक चित्र पुढं करत राहतो. आबा कागद हातानंच टरकावतात. सलोमी प्लॅस्टिकला गोंद लावते, तुकडा डकवते, फुंकर मारते. याकोब होतो, दावीद होतो, योना होतो. पेत्राला ती स्वतः दोन तुकडे लावते.

रविवारी सकाळी मुलं फाटकापाशी जमलीत. सलोमी येते. तिच्या हातात आबांचा हात आहे. कोट आज सुलटा आहे, पण चपला पुन्हा वेगवेगळ्या.

रूबेनचं तोंड उघडतं. तो काही बोलायच्या आत सलोमी म्हणते, "हे माझे आबा. चपला बघू नकोस, फळा बघ. तो यांनी केलाय."

रूबेन चपलांकडं बघतो, मग आबांकडं. "नमस्कार, आबा," तो म्हणतो आणि फाटक धरून ठेवतो.

मुलं गोष्टी सांगतात. फळ्यावरून कोणी घसरत नाही. दावीद तर इतका घट्ट बसतो की काढताना रूबेनला दोन हात लावावे लागतात. शेवटी सलोमी येते. अंगण सांगते. विस्तव सांगते. "मी ओळखत नाही त्याला," असं ती तीनदा म्हणते, दर वेळी आधीपेक्षा हळू. कोंबडा आरवतो. लहान पोरं दाराकडं बघतात. "आणि पेत्र बाहेर जाऊन खूप रडला," सलोमी म्हणते, आणि थांबते.

ती विसरलेली नाही. ती पहिल्या बाकाकडं बघतेय. आबा गोष्ट ऐकत नाहीयेत. ते बाकाच्या कडेवरून हात फिरवतायत, लाकूड कोणतं ते बघत. पाळकसाहेब माझ्याकडं बघतात. मी काही करत नाही.

सलोमी पेत्राला फळ्यावरून काढते. खाली उतरते. आबांना हाताला धरून उठवते, फळ्यापाशी आणते आणि पेत्र त्यांच्या हातात देते.

"आबा, तुम्ही लावा."

आबा चित्र उलटं करून आधी पाठ बघतात. मग सलोमी बोट दाखवते तिथं, कागदी तलावाच्या काठाशी, पेत्राला निळ्या कापडावर ठेवतात, अंगठ्यानं दाबतात आणि हात काढतात.

पेत्र तिथंच राहतो.

सलोमी आबांचा हात सोडत नाही. ती आमच्याकडं तोंड करते, नाक ओढते आणि पुढं सांगायला लागते.

"मग सकाळ झाली," ती म्हणते.